न वाजलेली कप्पी

एका गावात एके सकाळी एक कप्पी वाजली नाही.

गोष्ट तशी एवढीशीच. गाव समुद्राजवळचं, मोगऱ्याचं आणि केळीचं. गावात लहान लहान वाड्या, प्रत्येक वाडीत चुन्यानं रंगवलेला एक क्रूस, आणि घरामागे विहीर. त्यातल्या एका वाडीत पावलीन मावशी नावाची म्हातारी एकटी राहायची. तिच्या विहिरीची कप्पी गंजून गेली होती. देवळाची पहिली घंटा व्हायच्या आधी मावशी पाणी ओढायला लागे, आणि कप्पी अशी किंचाळे, की शेजारच्या घरात आग्नेस अंथरुणातून ताडकन उठून बसे. रोज उठून बसे. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून एकही दिवस चुकला नव्हता.

त्या सकाळी मात्र आग्नेस उठून बसली ती कप्पी न वाजल्यामुळे.

तिचा नवरा इनास अंगणात सायकलला फुलांच्या टोपल्या बांधत होता. ती दारात येऊन म्हणाली, "अहो, मावशीची कप्पी वाजली नाही."

"बरं झालं की! रोज तूच म्हणतेस ना, त्या आवाजानं माझा जीव जातो?"

"पण आज का नाही वाजली?"

"काल मी तिला तेलाची बाटली नेऊन दिलीय. घातलं असेल तेल." इनासनं दोरीची गाठ दातानं ओढली. "वाजली तरी तुला भीती, नाही वाजली तरी भीती. तुला घडवायला बसला तेव्हा देवाकडं दुसरं काही सामान नव्हतं काय गो?"

तो हसत हसत निघून गेला. बाजार लांब होता आणि फुलं थांबत नाहीत.

आता आग्नेसविषयी थोडं सांगायला हवं. ती वाईट नव्हती, आळशी नव्हती, खोटी तर मुळीच नव्हती. ती फक्त घाबरट होती. पातेलं पडलं की ती दचके. कुत्रं भुंकायचं थांबलं की ती दचके. दारावरून कुणी तिला नावानं हाक मारली, तरी आधी छातीवर हात जाई आणि मग तोंडातून ओ निघे.

आणि घाबरली की ती गप्प बसत नसे, ही खरी पंचाईत. वाडीच्या क्रुसाजवळ एक लहानशी घंटा टांगलेली होती. ती संध्याकाळच्या प्रार्थनेला वाजायची, कुणी गेलं तर वाजायची, नाहीतर संकट आलं तर. नवी नवरी असताना एकदा आग्नेसनं 'चोर, चोर' म्हणून ती बडवली. सगळी वाडी काठ्या घेऊन धावली. पत्र्यावर पिकलेला फणस पडला होता. मग एकदा तिनं 'आग' म्हणून घंटा वाजवली. तो धूर केळीच्या बनापलीकडच्या पेद्रूच्या अंगणातला होता. तो भात उकडत बसला होता आणि लोकांनी त्याच्या डोक्यावर घागर ओतेपर्यंत त्याला काहीच कळलं नव्हतं. तिसऱ्या वेळी तळ्यात कुणीतरी बुडतंय म्हणून ती ओरडत सुटली. बुडणारी म्हैस निघाली, आणि ती बुडतही नव्हती.

तेव्हापासून पेद्रू तिला पाहिलं की मुद्दाम करवंटी आपटायचा. "आग्नेसबाय, भिऊ नको गो! फणस पडला!"

सगळे हसायचे. आग्नेससुद्धा हसायची, पण तिचं हसणं घरी पोचेपर्यंत टिकत नसे.

पावलीन मावशी मात्र हसली नाही. वाडीची प्रार्थना ती सांगायची. संध्याकाळी क्रुसासमोर सगळे जमले, की लितानी सुरू होई: मावशी पवित्र मारियेचं एकेक नाव घेई आणि बाकीचे एका सुरात उत्तर देत, "आम्हासाठी विनंती कर." तिचा आवाज खाडीपर्यंत जायचा. देवाच्या बाबतीत तिला थट्टा चालत नसे. म्हशीच्या प्रकारानंतर तिनं घंटेची दोरी सोडवली, गुंडाळली आणि स्वतःच्या घरात खुंटीला अडकवून ठेवली. सगळ्यांसमोर म्हणाली, "आजपासून हिच्या हाकेला कुणी ओ देऊ नका. पोर उगाच रडायला लागलं की उचलायचं नसतं. आपोआप गप्प होतं."

आग्नेसला त्या वेळी जमीन दुभंगावी असं वाटलं. तरी प्रार्थना संपल्यावर ती मावशीच्या मागे गेली. कितीतरी दिवस तिच्या मनात एक प्रश्न होता.

"मावशी, देवावर विश्वास असूनसुद्धा भीती वाटली, तर?"

"तर विश्वास कमी." मावशी चालायची थांबलीसुद्धा नाही. "ज्याचा देव जागा आहे, त्यानं का भ्यायचं? भीती वाटली की माळ हातात घे, दार लाव आणि गप्प बस."

आग्नेसनं ते मनाला लावून घेतलं. तिला वाटलं, आपली भीती हे पापच आहे. ती दर शनिवारी देवळात जाऊन ते पाप सांगू लागली. म्हातारे फादर दर शनिवारी ते ऐकत. 'फादर, मी उंदराला भ्याले. फादर, मी वाऱ्याला भ्याले. फादर, ते दार आपोआप लागलं…' शेवटी एकदा फादरांनी जाळीपलीकडून उसासा टाकला.

"मुली, भ्यालीस ते कळलं. भिऊन काय केलंस, ते सांग."

"काही नाही, फादर. दार लावून बसले."

"हं," फादर म्हणाले. "मग पुढच्या वेळी नुसतं भ्यालीस एवढंच सांगायला येऊ नकोस. ते माझ्याकडं आणायचं पाप नाही."

आग्नेसला त्याचा अर्थ लागला नाही. फादरसुद्धा आपल्याला कंटाळले, असंच तिला वाटलं.

तर अशी ही आग्नेस त्या सकाळी कुंपणाशी उभी होती आणि पलीकडं काही वाजत नव्हतं.

तेल घातलं असेल, तिनं स्वतःला सांगितलं. आपणच तर इनासच्या मागे लागलो होतो, तिला तेल दे म्हणून. देवानं आपलं ऐकलं. आता त्याचीही भीती वाटून घ्यायची म्हणजे कृतघ्नपणा झाला. तिनं चूल पेटवली. चहा ठेवला. माळ हातात घेतली आणि दार लावलं.

माळेचे मणी तिच्या बोटांतून सरकेनात. ती पुन्हा उठली, दार किलकिलं करून बाहेर पाहू लागली.

कुंपणावर कावळे बसले होते. मावशी पाणी ओढायची तेव्हा कळशीतून थोडं पाणी नेहमी दगडावर सांडे. तिथं डबकं साचे आणि कावळे त्यात आंघोळ करत. आज ते कोरडेच बसले होते आणि विहिरीकडं माना वळवून ओरडत होते. आग्नेसनं खाली पाहिलं. मावशीच्या विहिरीपासून मोगऱ्याच्या वाफ्यांकडं जाणारा पाट तिच्या कुंपणाला लागूनच होता. एव्हाना त्यातून पाणी खळखळत जायचं. आज पाट कोरडा होता. कालच्या चिखलाला भेगा पडायला लागल्या होत्या.

तेलानं कप्पीचा आवाज बंद होईल. पाट कसा सुकेल?

आग्नेसच्या पोटात गोळा आला. हा तिचा जुना, ओळखीचा गोळा. फणसाच्या वेळी आला होता, धुराच्या वेळी आला होता, म्हशीच्या वेळीही आला होता. म्हणजे हा खोटाही असू शकतो, हे तिला माहीत होतं. मावशी झोपली असेल. तिला बरं नसेल. आपण गेलो आणि ती दारात उभी दिसली, तर काय म्हणेल? आलीस का घंटा बडवायला? आणि संध्याकाळी क्रुसासमोर सगळ्यांना सांगेल. पेद्रू करवंटी आपटेल.

दार लाव आणि गप्प बस.

भिऊन काय केलंस, ते सांग.

दोन्ही वाक्यं तिच्या डोक्यात एकदमच आली. आग्नेस उंबऱ्यात उभी होती. एक पाय आत होता, एक बाहेर. तिची भीती काही कमी झाली नाही, हे इथं नीट सांगितलं पाहिजे. देवदूत आला नाही, छातीत धैर्याचा दिवा लागला नाही. तिचे गुडघे थरथरत होते आणि तशाच थरथरत्या गुडघ्यांनी ती कुंपणाच्या फटीतून पलीकडं गेली.

"मावशी?"

दार उघडं होतं. चूल थंड होती. भिंतीवर खिळ्याला मावशीची माळ होती आणि खुंटीला घंटेची दोरी. मावशी नव्हती.

"मावशीऽ!"

ती मागे विहिरीकडं धावली. कठड्यावर तेलाची बाटली आडवी पडली होती. बूच उघडं. तेल दगडावरून ओघळून मातीत जिरलं होतं. आणि ज्या आडव्या लाकडाला कप्पी टांगलेली असायची, ते लाकूड मधोमध मोडलं होतं. आतून वाळवीनं पोखरलेलं. कप्पी, कळशी, दोर, सगळं गायब.

आग्नेसनं कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. आत अंधार होता. थोड्या वेळानं त्या अंधारात एक पांढरं डोकं दिसलं.

"मावशी! मावशी गोऽ!"

पांढरं डोकं हललं. खालून घोगरा, फाटका आवाज आला. तो मावशीचा आहे हे ओळखायलासुद्धा वेळ लागला.

"कोण? आग्नेस?"

"हो!"

"देवा," खालून आवाज आला, "पाठवलीस ती हीच पाठवलीस!"

उन्हाळा होता म्हणून बरं. पाणी मावशीच्या छातीपर्यंत होतं. भिंतीतला एक दगड बाहेर आलेला होता, त्याला ती दोन्ही हातांनी धरून उभी होती. एक पाय मुडपला होता, दुसरा गाळात रुतला होता. पहाटेपासून ओरडून तिचा आवाज गेला होता, पण विहिरीच्या पोटातून तो कुंपणापर्यंत पोचलाच नव्हता. आता हातही सुटायला लागले होते.

"लवकर कर गो," ती म्हणाली. "बोटं माझी राहिली नाहीत."

आग्नेस घरात धावली. दोर हवा होता. विहिरीचा दोर तळाला गेला होता. मग तिची नजर खुंटीवर गेली. घंटेची दोरी! तिनं ती ओढून काढली, धावत आली, खाली सोडली. दोरी जेमतेम पोचली. मावशीनं एका हातानं ती काखेखालून घेतली, दातानं धरली, कशीबशी गाठ मारली. आग्नेसनं वरचं टोक आपल्या कमरेला गुंडाळलं. आसपास बांधायला एक झाड नव्हतं, नुसती मोगऱ्याची झुडपं. कठड्याला दोन्ही पाय टेकून ती मागे रेलून बसली आणि तिनं ओढलं.

मावशी वीतभर वर आली आणि तिथंच राहिली. आग्नेसनं पुन्हा ओढलं. दोरी तळव्यात कापत गेली. मावशी वर येईना. पण खालीही जाईना. दोरी ताणून धरली तोवर तिचं डोकं पाण्याबाहेर राहणार होतं. सोडली तर नाही.

म्हणजे आग्नेसला आता उठून कुणाकडं धावता येणार नव्हतं. घंटेची दोरी हातात होती आणि घंटा तिकडं क्रुसाजवळ मुकी होती. आता फक्त हाक मारता येणार होती. आणि तिच्या हाकेला ओ द्यायची नाही, असं तर ठरलेलंच होतं.

"धावा!" ती ओरडली. "धावा होऽ!"

केळीच्या बनापलीकडं पेद्रूचं अंगण होतं. घाबऱ्या गळ्यातून निघालेले शब्द पानापानांत फाटत गेले. पलीकडं पोचला तो फक्त आग्नेसचा आवाज, आणि तो तर सगळ्यांच्या ओळखीचा होता. क्षणभरानं तिकडून करवंटी आपटल्याचा आवाज आला. कुणीतरी हसलं.

आग्नेसच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

"कोण येतंय काय?" खालून मावशीनं विचारलं.

"नाही मावशी. हसतायत."

मावशी म्हणाली, "मीच सांगितलं होतं ना त्यांना."

आग्नेसनं टाचा कठड्याला आणखी घट्ट टेकल्या.

"आणि ऐक. कप्पीला तेल घालायला मी कठड्यावर चढले होते. इनास काल म्हणाला, ती रोज दचकून उठते. मला वाटलं, उद्यापासून एका तरी आवाजाला भिणार नाही बिचारी."

"माझ्यासाठी?" आग्नेसचा हुंदका बाहेर पडला. "मावशी, मी मूर्ख आहे, मीच त्यांना…"

"रडू नको, दोरी हलते!" मावशी खेकसली. मग आवाज खाली आला. "मी पण भ्याले गो. पडल्यावर मला विश्वास आठवला नाही, प्रार्थना आठवली नाही. मला माझी आई आठवली. मी नुसती ओरडले. इतकी वर्षं मी तुम्हाला सांगते ना, प्रभूचा शिष्य पेत्र पाण्यावरून चालला आणि भ्याला म्हणून बुडायला लागला? त्यानंतर काय झालं, ते मी कधी सांगितलंच नाही."

"काय झालं?"

"तो ओरडला ना! 'प्रभू, मला वाचव' म्हणून ओरडला. माळ घेऊन गप्प नाही बसला. आणि प्रभूनं काय केलं? आधी हात धरला गो. रागावला ते मागून. आणि स्वतः प्रभू त्या बागेत, मरणाच्या आदल्या रात्री? घाम फुटेपर्यंत घाबरला, आणि सोबत्यांना म्हणाला, माझ्याजवळ जागे राहा. दार लावून नाही बसला." मावशीला धाप लागली होती. "मीच शहाणी. मीच एकटी न भिणारी."

दोरी थोडी सुटली. आग्नेसनं दात आवळून ती पुन्हा धरली. तिच्या तळव्यांतून रक्त यायला लागलं होतं.

"मावशी, बोलत राहा. मी पुन्हा हाक मारते. धावाऽ!"

"अशी नको!" मावशी खालून म्हणाली. "ओरडलेला शब्द वाटेत फाटतो. मी क्रुसाजवळून म्हणते ते खाडीवर ऐकू जातं, ते काय ओरडून? गा. लितानी म्हण."

"लितानी? आता?"

"आताच! मावशी विहिरीत आहे म्हणून सांगशील, तर म्हणतील आग्नेसचा पुन्हा फणस पडला. पण नाव घेतल्यावर उत्तर न देणारा माणूस या वाडीत जन्माला आलेला नाही. झोपेत असला तरी तोंडातून येतं. गा गो!"

आग्नेसनं सगळ्यांपुढं कधी प्रार्थना सांगितली नव्हती. मागच्या रांगेत उभं राहून नुसतं उत्तर द्यायचं, तेवढंच तिला ठाऊक. तिनं डोळे मिटले.

"पवित्र मारियेऽऽ…"

आवाज थरथरला, पण निघाला. केळीची पानं हलली. कुणी काही बोललं नाही.

"अजून वर धर," खालून मावशी.

"देवाच्या मातेऽऽ…"

कुणी नाही. पण करवंटीचा आवाजही आला नाही.

"पहाटेच्या ताऱ्याऽऽ…"

आता आवाज मोकळा झाला होता. तो थरथरत होताच, पण थरथरतच तो केळीच्या पानांवरून पलीकडं चालला होता. आग्नेसला पुढचं नाव आठवेना. रोज ऐकलेली नावं, एकही आठवेना. कमरेची दोरी घसरत होती. पाय कठड्यावरून निसटत होते. मावशीचा श्वास खालून मोठा मोठा ऐकू येत होता. आग्नेसला प्रचंड भीती वाटली, आणि त्या भीतीतूनच तिच्या तोंडून जे आलं ते तिनं पूर्ण आवाजात गायलं.

"विहिरीत पडलेल्यांच्याऽ आईऽऽ…"

"अगो, ही ओळ कुठली?" खालून मावशी म्हणाली. "अशी ओळ नाहीये!"

"आज असू दे, मावशी!"

आणि तेव्हा केळीच्या बनापलीकडून एक जाड, झोपाळू, सवयीचा आवाज आला. पेद्रूचा.

"आम्हासाठी विनंती क—"

तिथंच तो थांबला.

आग्नेसनं श्वास रोखून धरला. खाली मावशीनंही धरला असावा.

"विहिरीत?" पलीकडून पेद्रू म्हणाला. मग त्याचा आवाज एकदम जागा झाला. "कोण गो विहिरीत? पावलीन मावशी काय? आग्नेसबाय, धरून ठेव! सोडू नको! आलो गो, आलोऽ!"

तात्पर्य: भीती वाटली म्हणून कुणाचा विश्वास कमी ठरत नाही, भीतीपायी दार लावून बसण्यापेक्षा थरथरत का होईना शेजाऱ्याच्या दारी जावं आणि मोठ्यानं हाक मारावी, कारण देव पुष्कळदा घाबरटाच्याच पायांनी येतो आणि थट्टा करणाऱ्याच्याच तोंडानं ओ देतो.